अभ्यासाचा लॅपटॉप, खेळाचा लॅपटॉप : एका वाटणीचा इतिहास

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या, की आपल्याकडे घरोघरी एक वाटाघाट सुरू होते. मुलाला किंवा मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा असतो. आईवडील विचारतात, "अभ्यासाला कोणता पुरेल?" मुलाच्या मनात वेगळाच प्रश्न असतो, "याच्यावर गेम चालेल का?" पण तो मोठ्यानं विचारला जात नाही. त्याऐवजी सांगितलं जातं, "कोर्सला ग्राफिक्स कार्ड लागतं, सगळे तसाच घेतायत." वडिलांना संशय येतो, पण खात्री नसते. मग साठ-सत्तर हजारांचा, कधी लाखाचा व्यवहार एका अर्धसत्यावर उभा राहतो. हप्ते वडील भरतात आणि अर्धसत्य मूल सांभाळत बसतं.

आज मला या अर्धसत्याविषयी बोलायचं आहे, आणि तेही इतिहासाच्या वाटेनं. कारण या वाटाघाटीमागे एक गृहीतक आहे. अभ्यासाचं यंत्र वेगळं आणि खेळाचं यंत्र वेगळं, ही वाटणी मुळातलीच आहे असं आपण धरून चालतो. मी म्हणतो, ती मुळातली नाही. ती मधे कधीतरी झाली, विशिष्ट कारणांनी झाली, आणि ती कारणं बऱ्याच अंशी नीतिशास्त्रातली नसून उष्णतेच्या शास्त्रातली आहेत. ही कारणं कळली, की दुकानात काय विचारायचं हेही कळतं. म्हणून आधी इतिहास, मग खरेदी.

सुरुवात १९६२ पासून करू. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ नावाचा संगणक होता. किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी या यंत्रावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ लिहिला. पडद्यावर दोन यानं, मधे एक तारा, ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण, आणि एकमेकांवर मारा. आता पाहा, एवढ्या महागड्या यंत्रावर पोरांनी खेळ मांडला म्हणून ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं डोक्याला हात लावला का? नाही. कंपनीची माणसं नवा संगणक बसवून देताना तो नीट चालतो का हे तपासायला हाच खेळ लावून पाहू लागली. यंत्राचे जवळजवळ सगळे भाग एकदम कामाला लावणारा असा दुसरा सोपा कार्यक्रम त्यांच्यापाशी नव्हता. म्हणजे खेळ ही यंत्राची परीक्षा होती.

पुढे १९७२. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात ॲलन के नावाचा संशोधक होता. त्यानं एक लेख लिहिला. सर्व वयाच्या मुलांसाठी स्वतःचा संगणक, अशी त्याची कल्पना. नाव दिलं 'डायनाबुक'. वहीएवढा आकार, वजन चार पौंडांच्या आत म्हणजे पावणेदोन-एक किलो, आणि किंमत ५०० डॉलरच्या आसपास असावी अशी अपेक्षा. त्या वेळी संगणक खोली अडवत होते, हे लक्षात घ्या. आज आपण ज्याला लॅपटॉप म्हणतो त्याचं हे पहिलं स्पष्ट चित्र. आणि त्या लेखाची सुरुवात कशानं होते? दोन मुलं हिरवळीवर लोळून आपापल्या डायनाबुकवर स्पेसवॉर खेळतायत, यानं! खेळताखेळता त्यांना प्रश्न पडतो, की सूर्याच्या ओढीचा यानाच्या मार्गावर परिणाम कसा दाखवायचा? आणि मग ती भौतिकशास्त्राकडे वळतात. म्हणजे लॅपटॉपची कल्पना जन्मली तेव्हा तो मुलांचा होता, आणि त्याच्यावर खेळ आणि अभ्यास एकाच गवतावर बसले होते.

मग प्रत्यक्षात काय झालं? १९८१ मध्ये ऑसबोर्न-१ आला. हातात धरून नेता येतो अशी त्याची जाहिरात, पण वजन जवळजवळ अकरा किलो आणि पडदा पाच इंचांचा. किंमत १,७९५ डॉलर. १९८२ मध्ये ग्रिड कंपास आला. बिल मॉग्रिज या रचनाकाराची ती रचना. डबीसारखा उघडायचा आणि मिटायचा; आजचा प्रत्येक लॅपटॉप याच घडीचा. पण किंमत ८,१५० डॉलर. तो घेतला सरकारी खात्यांनी, लष्करानं. अंतराळयानातूनही तो गेला. हिरवळीवरच्या मुलांच्या वाट्याला काही तो आला नाही.

याच सुमाराचा एक तपशील मला फार बोलका वाटतो. आयबीएमनं १९८१ मध्ये आपला पीसी बाजारात आणला आणि त्याच्या नकला निघू लागल्या. कॉम्पॅकचा बारा-तेरा किलोचा 'पोर्टेबल' त्यांतला गाजलेला. आता गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं, की ही नक्कल अस्सलाबरहुकूम आहे? त्यासाठी दोन कार्यक्रम लावून पाहायची पद्धत पडली. एक 'लोटस १-२-३', म्हणजे हिशेबाचा तक्ता. दुसरा 'फ्लाइट सिम्युलेटर', म्हणजे विमान उडवायचा खेळ. खेळ का? कारण वेग मिळावा म्हणून तो यंत्राच्या भागांशी थेट बोलत असे, मधल्या कार्यप्रणालीला फारसं विचारत नसे. नकलेत कुठे बारीकसा फरक असला, की विमान पडलंच. कचेरीसाठी यंत्र घेणारा व्यवस्थापकसुद्धा आधी विमान उडतंय का ते बघत होता! तेव्हा यंत्राची कुवत पारखायला हिशेब आणि खेळ दोन्ही लागतात, हे शहाणपण बाजारात चाळीस वर्षांपूर्वीच होतं.

मग वाटणी केव्हा झाली? माझ्या मते १९९० च्या दशकात. १९९१ मध्ये ॲपलचं पॉवरबुक आलं. त्यात कळफलक मागे सरकवून पुढे तळहात टेकायला जागा केली होती. १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७०० सी आला, रंगीत पडदा घेऊन. उत्तम यंत्रं. पण ती विमानानं फिरणाऱ्या अधिकाऱ्यांची यंत्रं होती. तिकडे टेबलावरच्या संगणकाचं दुसरंच चाललं होतं. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला. १९९६ मध्ये 'क्वेक' आला, आणि त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड. त्रिमितीय चित्र काढण्याचं काम मुख्य प्रोसेसरकडून काढून एका वेगळ्या कार्डाकडे द्यायचं, ही कल्पना इथून घराघरांत पोचली. १९९९ मध्ये एनव्हिडियानं जीफोर्स २५६ आणलं आणि 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. आता हे कार्ड वीज खायचं, तापायचं, त्याला पंखा लागायचा. टेबलाखालच्या पेटाऱ्यात ते सहज मावत होतं. लॅपटॉपच्या पातळ पोटात ते मावेना. झाली वाटणी! लॅपटॉप गेला कामाकडे, पेटारा गेला खेळाकडे.

आपल्याकडेही हे चित्र आठवत असेल. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला 'असेंबल्ड' पीसी, नाहीतर तासावर पैसे मोजायचं सायबर कॅफे. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं आणि गावोगावच्या केंद्रांतून संगणकाची ओळख झाली. त्या केंद्रात खेळायला मनाई. एक जागा शिकण्याची, एक जागा खेळण्याची. या काळात वाढलेली माणसं आज पालक आहेत. वाटणी नैसर्गिक आहे असं त्यांना वाटतं यात नवल काय?

आता उष्णतेकडे येतो. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक नियम मांडला. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं, तर त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात कमी होते. म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही चिप जास्त तापत नाही. तीसेक वर्षं ही जणू फुकटची मेजवानी चालली. २००५ च्या आसपास ती संपली. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की वीज गळू लागली. २००४ मध्येच इंटेलनं ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला होता. तेव्हापासून संगणक बनवणाऱ्यांचा प्रश्न बदलला. 'किती वेगवान?' हा प्रश्न मागे पडला आणि 'एका वॅटमध्ये किती काम?' हा पुढे आला. गंमत अशी, की लॅपटॉपला हा प्रश्न पहिल्यापासूनच होता, कारण त्याची वीज बॅटरीतून येते. त्यामुळे सगळं जग लॅपटॉपच्या प्रश्नाकडे वळलं आणि लॅपटॉप हळूहळू पेटाऱ्याच्या जवळ आला. २०१७ मध्ये एनव्हिडियानं 'मॅक्स-क्यू' या नावानं कमी वॅटवर चालणाऱ्या चिप पातळ लॅपटॉपमध्ये बसवायला सुरुवात केली. वाटणीची भिंत तिथे बरीच खचली.

पण भिंत खचली म्हणजे पदार्थविज्ञान खचलं असं नाही. इथे खरेदीचा पहिला धडा आहे, तो नीट ऐका. एकाच नावाची चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालवली जाते. लॅपटॉपसाठीचं आरटीएक्स ४०६० घ्या. लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो. डब्यावरचं नाव एक, आतला घोडा निराळा. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नाव आणि वस्तू यांतला भेद शिकवतो. तो कुणाला प्रात्यक्षिकातून पाहायचा असेल, तर त्यानं लॅपटॉपच्या दुकानात जावं. तेव्हा कार्डाचं नाव ऐकून थांबू नका. "याला किती वॅट दिलेत?" असं विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात पाहा.

बॅटरीचा हिशेब तर शाळकरी आहे. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची. म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही शंभराच्या आतच ठेवतात. समजा ९० वॅट-तासांची बॅटरी आहे आणि खेळताना यंत्र १५० वॅट खातंय. नव्वद भागिले दीडशे, म्हणजे छत्तीस मिनिटं. प्रत्यक्षात बॅटरीवर असताना यंत्र स्वतःच वेग आवरतं घेतं. म्हणजे काय, तर गेमिंग लॅपटॉप हा खेळताना भिंतीला बांधलेला असतो. तो फिरता आहे तो अभ्यासापुरता. आणि फिरवताना सव्वादोन-अडीच किलोचं यंत्र, वर अर्धा-पाऊण किलोचा चार्जर. लोकलनं डोंबिवलीहून ये-जा करणाऱ्या मुलीच्या खांद्याला हे विचारायला हवं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचं वेगळं. त्याचं यंत्र बहुतेक वेळ टेबलावरच असतं.

आता कुणी म्हणेल, "सर, हे सगळं खेळाचं झालं. त्यासाठी पैसे का मोजायचे?" तर या इतिहासातलं अजून एक पान उलटतो. खेळाचं चित्र काढायचं म्हणजे पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे हिशेब एकाच वेळी करायचे. हीच पद्धत विज्ञानातल्या पुष्कळ गणितांना लागते. २००६ मध्ये एनव्हिडियानं 'कुडा' जाहीर केलं. त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर इतर गणितंही सोयीनं करता येऊ लागली. आणि २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुटस्केव्हर आणि त्यांचे गुरू जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखणाऱ्या कार्यक्रमांच्या 'इमेजनेट' स्पर्धेत बाजी मारली. त्यांच्या कार्यक्रमाच्या चुकांचं प्रमाण १५.३ टक्के, दुसऱ्या क्रमांकाचं २६.२ टक्के. हे कशावर केलं? जीटीएक्स ५८० या दोन गेमिंग कार्डांवर, क्रिझेव्हस्कीच्या आईवडिलांच्या घरी, त्याच्या खोलीत! आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो गाजावाजा चाललाय, त्याच्या मुळाशी खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेलं कार्ड आहे. ज्या संशोधनाला कुणी सरकार एवढा पैसा देतं ना, त्याचा खर्च वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांच्या खिशातून निघाला.

पण थांबा. याचा अर्थ तुमच्या मुलाला कार्ड घेऊन दिलं म्हणजे तो हिंटनचा शिष्य झाला, असा काढू नका. याचं उत्तरही इतिहासातच आहे, आणि तेही आपल्या दारातलं. २००५ मध्ये निकोलस नेग्रोपोंटी यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. ॲलन केही त्यांच्यासोबत होते. २००७ मध्ये ते हिरवं-पांढरं यंत्र तयार झालं, पण किंमत दोनशे डॉलरच्या घरात गेली. भारतातला त्याचा पहिला प्रयोग त्याच वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा गावच्या शाळेत झाला. मुलं यंत्रावर रमली. पण भारतभर त्याचा प्रसार झाला नाही. यंत्राच्या पाठीमागे वीज लागते, दुरुस्ती लागते, शिकवणारा लागतो, आणि त्या सगळ्याची किंमत डब्यावर छापलेली नसते. यंत्र क्षमता देतं; तिचं काय करायचं हे देत नाही. हे गेमिंग लॅपटॉपला जितकं लागू आहे तितकंच 'फक्त अभ्यासाच्या' लॅपटॉपलाही.

मग निवड कशी करायची? मी पाच प्रश्न सुचवतो.

पहिला, कोणता गेम? विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञानं 'खेळ' हाच शब्द उदाहरणाला घेऊन विचारलं होतं, की सगळ्या खेळांत समान असं काय आहे? त्याचं उत्तर असं, की एकच समान गुण सापडत नाही. एकाच कुटुंबातल्या माणसांच्या तोंडवळ्यांसारखी साम्यं मात्र सापडतात. तेव्हा "तो गेम खेळतो" या वाक्यावरून लॅपटॉप निवडता येत नाही. 'व्हॅलरंट' हा खेळ जुन्या, साध्या यंत्रावरही चालावा असाच बनवलाय. त्याला वेगळं कार्ड नसलं तरी चालतं. 'सायबरपंक २०७७' सारख्या खेळाला ते हवंच, आणि त्या कार्डाची स्वतःची मेमरी ६ जीबीपेक्षा ८ जीबी असलेली बरी. मुलानं आपल्या तीन खेळांची नावं कागदावर लिहावीत. निम्मा खर्च त्या कागदावर ठरतो.

दुसरा, कोणता अभ्यास? वाणिज्य, विधी, भाषा, इतिहास शिकणाऱ्याला हलकं यंत्र, चांगला कळफलक आणि दिवसभर टिकणारी बॅटरी महत्त्वाची. यंत्र-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला 'सॉलिडवर्क्स' लागलं, तर ते विंडोजवरच चालतं. मॅकचा विचार तिथेच आटोपता घ्यावा. ॲनिमेशन किंवा वास्तुकला शिकणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड खरोखरच लागतं. महाविद्यालयातल्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, ते खरं सांगतात.

तिसरा, चार वर्षं टिकेल का? मेमरी १६ जीबी असावी, आणि ती पुढे वाढवता येते की मदरबोर्डवर कायमची डकवलेली आहे, हे आधी विचारा. साठवण ५१२ जीबी असली तरी दुसरी एसएसडी बसवायला रिकामी जागा आहे का ते पाहा. आजचे मोठे खेळ एकेक शंभर जीबी गिळतात. नव्या पिढीच्या स्वस्त कार्डापेक्षा मागच्या वर्षीचं, पण भरपूर वॅटचं आणि नीट थंड राहणारं यंत्र पुष्कळदा सरस ठरतं.

चौथा, बिघडलं तर? सर्व्हिस सेंटर सांगलीला आहे, की पुण्याला पाठवावं लागेल? वॉरंटी वाढवायला किती पडतात? तापणाऱ्या यंत्राचे पंखे धुळीनं भरतात. ते साफ करून देणारा माणूस गावात आहे का?

पाचवा, उरलेल्या पैशाचं काय? कार्ड नसलेलं चांगलं यंत्र आणि कार्ड असलेलं यंत्र यांच्या किमतीत जो फरक पडतो, त्यात या घरात दुसरं काय होतं? एका सत्राची खानावळ? धाकटीच्या क्लासची फी? हा प्रश्न मुलासमोर मांडा, त्याला अपराधी वाटावं म्हणून नव्हे, तर त्याला घरातला मोठा माणूस समजून. ज्याला हिशेब दाखवला जातो तो सहसा हिशेबानं वागतो.

आणि इथेच मी सुरुवातीच्या अर्धसत्याकडे येतो. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय हा भेद सांगतो. आपण त्याचं सोपं भाषांतर करून टाकलंय, अभ्यास म्हणजे श्रेय आणि खेळ म्हणजे प्रेय. पण तिथे वस्तूंची अशी यादी दिलेली नाही. दोन्ही माणसापुढे येतात आणि विवेकी माणूस पारखून निवडतो, असं तिथे म्हटलंय. पारखायला दोन्ही गोष्टी उजेडात असाव्या लागतात. खेळ लपवून ठेवला, तर पारखणार काय? मग होतं असं, की कोर्सच्या नावाखाली घेतलेलं यंत्र खेळायला तोकडं पडतं आणि पाठीवर मात्र जड होतं. किंवा वडील हट्टानं साधं यंत्र घेतात आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा खर्च.

इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या 'स्खोले'चा मूळ अर्थ आहे फुरसत. पोटापाण्याच्या धबडग्यातून मोकळा काढलेला वेळ, ज्यात माणूस काही गोष्टी त्यांच्याचसाठी करतो. अभ्यास आणि खेळ दोघंही त्या फुरसतीची लेकरं. योहान हाउझिंगा या डच इतिहासकारानं १९३८ मध्ये अख्खा ग्रंथ लिहून दाखवलं, की संस्कृतीच खेळातून उभी राहते. तो सगळा मान्य करायची गरज नाही. पण अठरा वर्षांच्या मुलाला "मला खेळायचंही आहे" हे घरात सरळ सांगता यावं, आणि आईवडिलांना "आम्हांला इतकंच परवडतं" हे तितक्याच सरळपणे सांगता यावं, एवढं तरी व्हायला हवं. ती दोन वाक्यं बोलली गेली, की उरतं ते वॅट, वजन आणि वॉरंटी. ते दुकानदारालाही विचारता येतं.

मी इथे थांबतो. कागदावर प्रश्न लिहून पाठवले असतील तर पुढे द्या.